चारची सही

"शून्य? अहो, शून्य?" डॉक्टरांनी कागद टेबलावर असा आपटला की कपातला चहा बशीत सांडला. "बावीस माणसं अंथरुणाला खिळलेली, आणि एकाच्याही पाठीला जखम नाही. एकाच्याही! हे तुम्हीच लिहिलंय, वरच्या अर्ध्या पानात. आणि खाली शंभरपैकी शून्य! ही कुठली परीक्षा म्हणायची?"

"मीच लिहिलंय तर मलाच कशाला वाचून दाखवता?" ती म्हणाली. "चहा घ्या. निवतोय."

"दोन जिने चढून चहा प्यायला आलो नाही मी."

"ते दिसतंय. अजून धाप लागलीय तुम्हाला. आधी स्वतःचं वजन बघा, मग माझे गुण."

"हा कागद उद्या मूल्यांकन समितीकडे गेला की माझ्या शुश्रूषागृहाला टाळं लागेल. मग त्या म्हाताऱ्यांनी जायचं कुठे? तुम्ही आणणार आहात इथे?"

"जिना अरुंद आहे हो. नाहीतर आणलीच असती."

डॉक्टर खुर्चीत बसले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. तिने त्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, आणि पाहिलेलं त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून खिडकीचा पडदा सारखा केला.

ही बाई म्हणजे टाचबाई. तोंडावर असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण शहरातल्या सगळ्या शुश्रूषागृहांत तिचं नाव हेच. कुठेही तपासणीला गेली की कार्यालयात बसायची नाही, फाइल मागायची नाही, कुणी पुढे केलेलं सरबत घ्यायची नाही. थेट पहिल्या खाटेपाशी जायची, चादर वर करायची आणि रोग्याच्या टाचा बघायची. टाच खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. माणूस दिवसेंदिवस एकाच अंगावर पडून राहिला की आधी टाच लाल होते, मग काळी पडते, मग तिथे भोक पडतं. कमरेच्या हाडावर तेच. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, उताणं, उजवी, पुन्हा डावी. एवढंच शास्त्र. पण हे एवढंच करायला माणसं लागतात, आणि त्या माणसांना कंबर लागते.

स्वतः तिने सुरुवात केली ती इस्पितळात लादी पुसण्यापासून. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. औषधाच्या बाटल्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकली, पुढे रीतसर परीक्षा दिल्या आणि निवृत्त झाली ती मोठी सिस्टर म्हणून. त्यानंतर मूल्यांकन समितीने तिला बोलावलं, कारण खोटं चटकन ओळखेल असं दुसरं माणूस त्यांना मिळेना. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. मुलगी लांब, दर रविवारी फोनवर दहा मिनिटं येणारी. घरात खोल्या दोन, खाट एक, उशी एक. आतून कडी लावली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या घरात शब्द म्हणून निघायचा नाही.

तर त्या शून्याचं मूळ मागच्या बुधवारात होतं.

*

त्या बुधवारी दुपारी एक वाजता ती डॉक्टरांच्या शुश्रूषागृहात न कळवता गेली. कळवून गेलं की घरं कशी नटतात हे तिने आयुष्यभर पाहिलेलं. शहराच्या टोकाला, एका बंद कारखान्याच्या मागे ती लांबोडकी एकमजली इमारत होती. मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक खोलीत चार-चार खाटा. अशा घरांत शिरलं की मुताचा वास येतो, आणि त्यावर ओतलेल्या फिनेलचा. इथे तो आला नाही. इथे पावडरचा वास होता. अंघोळ घालून, अंग टिपून, मानेखाली पावडर लावलेल्या तान्ह्या बाळाच्या खोलीत येतो तसा.

टाचबाईने नाक वर करून दोनदा हुंगलं. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

कामावर एक सिस्टर आणि दोन आया. त्यातली एक सुट्टीवर. दुसरी पन्नाशीची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली; तिला सगळे किल्लीवाली म्हणत. एका आडव्या माणसाची कूस नीट बदलायची तर दोघी लागतात आणि दहा मिनिटं जातात. बावीस माणसं. हा हिशेब करायला शाळा लागत नाही. ब्रह्मदेव पदर खोचून उभा राहिला तरी हे जमण्यातलं नव्हतं.

तिने पहिल्या खाटेची चादर वर केली. टाचा गुलाबी. दुसऱ्या खाटेच्या गुलाबी. तिसऱ्यावरचा म्हातारा अर्धांगाने चार वर्षं पडलेला. त्याला तिने स्वतः कलता करून कमरेचं हाड पाहिलं. कातडी सायीसारखी. बावीसच्या बावीस माणसं तिने पाहिली. हलगर्जी पाहून तिला राग यायचा, भीती कधी वाटली नव्हती. इथे हलगर्जी सापडत नव्हती आणि तिला भीती वाटत होती.

खाटेच्या पायथ्याशी चिमट्याला तक्ता लटकत होता. वेळ, कूस, सही. सगळ्या तक्त्यांवर सही एकच, एक वाटोळं आणि त्याला उजवीकडे गेलेली शेपटी. पहाटे दोनलाही तीच, दुपारी बारालाही तीच. तिने बोट खाली सरकवलं. आज संध्याकाळच्या सहाची सही होऊन गेली होती. उद्याच्याही झाल्या होत्या. महिना संपेपर्यंतच्या सगळ्या झाल्या होत्या.

"ही सही कुणाची?"

किल्लीवाली चमचे पुसत होती. पुसून झालेलेच, पुन्हा पुन्हा. "मावशींची."

"कुठल्या मावशींची? इथे सगळ्याच मावश्या."

"मोठ्या मावशींची. त्या… आत्ता नसतात."

"मग असतात कधी?"

किल्लीवालीने चमचा उजेडात धरला आणि त्यावर नसलेला डाग पुसू लागली.

टाचबाईची तपासणीची एक पद्धत होती. ती तिने कुणाकडून शिकलेली नव्हती. ती रिकामी खाट शोधायची, तिथल्या तक्त्यावर पेन्सिलीने स्वतःचं नाव घालायची आणि रोगी होऊन पडायची. घंटा दाबायची. कोण येतं, किती वेळात येतं, आल्यावर तोंडाकडे बघतं की घड्याळाकडे, हे खाटेवरून जसं कळतं तसं खुर्चीवरून कळत नाही. निघताना नाव खोडरबराने पुसायची. खेळ खलास.

दुसऱ्या खोलीत सात नंबरची खाट रिकामी होती. तिच्याही पायथ्याशी तक्ता होता, आणि त्यावरही महिनाभराच्या सह्या. रिकाम्या खाटेची दिवसातून बारा वेळा कूस बदलली जात होती! टाचबाईला हसूच फुटलं. बाजूच्या आठ नंबरवर एक वाळकी आजी तोंड उघडं टाकून झोपली होती. टाचबाईने पेन्सिल काढली, तक्त्यावर आपलं नाव घातलं, पत्त्याच्या ओळीत पत्ता घातला, चपला खाटेखाली सारल्या आणि भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर पडली. डावा खांदा वीस वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून मोडलेला. डाव्या कुशीवर ती झोपतच नसे.

घंटेचं बटण दाबलं. आवाज आला नाही. वायर हातात धरून ओढली तर दुसरं टोक सुटून तिच्या हातात आलं. घंटा मेलेली, अशी तिने मनातल्या मनात नोंद केली.

बाहेर ऊन होतं. खिडकीच्या गजांच्या सावल्या भिंतीवर पडल्या होत्या, त्यांतली एक हळूहळू तिच्या नाकाजवळ येत होती. दुपारच्या त्या वेळी आजारी माणसांचं घर कसं होतं, ते राहिलेल्यालाच कळतं. कुणी कण्हत नाही, भांडं वाजत नाही, पंख्याचा आवाजसुद्धा दूर गेल्यासारखा वाटतो. सगळे जणू कुणाची तरी वाट बघत गप्प पडलेले. बोळातल्या घड्याळाचे दोन टोले पडले.

आणि पाऊल वाजलं.

एक पाऊल चपलेसकट टेकलं, दुसरं ओढलं गेलं. पुन्हा एक टेकलं, एक ओढलं. बोळाच्या टोकापासून. पहिल्या खोलीशी थांबलं. बराच वेळ चादरींची सळसळ, आणि मधून मधून दबका आवाज, "हं… झालं… झालं हं." मग पावलं दुसऱ्या खोलीत आली. पाच नंबर. सहा नंबर.

टाचबाईने ठरवलं होतं की आता उठून बसायचं आणि बाईला रंगेहाथ पकडायचं. तिने ठरवलं, आणि ती हलली नाही.

पावडरचा वास दाट झाला. एक हात तिच्या कमरेखाली गेला, एक खांद्याखाली. मोडक्या खांद्याखाली नव्हे. त्याच्या दोन बोटं खाली, जिथे धरलं तर दुखत नाही अशा नेमक्या जागी. हे तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. हात गार नव्हते, ऊनही नव्हते. अंगावर ओतलेलं पाणी अंगाइतकंच कोमट असलं की पाणी आहे हे कळत नाही, तसे होते. एक श्वास. ती वळली, डाव्या कुशीवर, तीस वर्षं तिने मुलींना शिकवलं आणि एकीलाही जमलं नाही इतक्या अलगद. पाठीखालची चादर ओढली गेली. एक चुणी राहिली नाही. गुडघ्यांच्या मध्ये उशी आली. टाचांखाली घडी केलेला टॉवेल आला, टाचा अधांतरी. शेवटी कपाळावरची बट कुणीतरी कानामागे केली.

टाचबाईला अकरा वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता. डॉक्टरने नाडी बघितली असेल, बसमध्ये धक्का लागला असेल, ते सोडून. तिचे डोळे मिटलेले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि याचाच तिला राग आला. त्या रागाच्या जोरावर तिने डोळे उघडले.

तिच्या तोंडासमोर, उशीच्या कडेला, एक हात होता. जाडसर, पाण्याने सुरकुतलेल्या बोटांचा, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. तो हात चादरीची कड खोचत होता. तिने मान वर केली. हाताच्या मागे खिडकी होती, आणि ऊन. दुसरं काही नव्हतं. पुन्हा खाली पाहिलं तर हातही नव्हता. खाटेशेजारच्या स्टुलावर पाण्याचा पेला होता, त्यावर बशी झाकलेली.

एक पाऊल टेकलं, एक ओढलं. आठ नंबर.

"नवीन का तुम्ही?" वाळकी आजी डोळे न उघडता म्हणाली. "घाबरू नका. ती पाडत नाही कुणाला."

"कोण… कोण ती?"

"अगंबाई, आता एवढं केलं तुमचं आणि कोण म्हणून विचारता?" आजी बोळकं पसरून हसली. "पण आताशा दमते हो बिचारी. पूर्वी कशी गुणगुणायची."

टाचबाईने चपला हातातच घेतल्या. जाताना तक्ता चिमट्यातून ओढून पिशवीत कोंबला, पुरावा म्हणून. नाव पुसायचं राहून गेलं.

किल्लीवाली भांड्यांच्या खोलीत सापडली. टाचबाईने तिचे दोन्ही खांदे धरले. "मोठ्या मावशी कुठे आहेत?"

"त्या गेल्या."

"गेल्या म्हणजे कुठे गेल्या?"

"गेल्या म्हणजे… गेल्याच, बाई. दोन वर्षं झाली."

मग तिने सगळं सांगितलं. सांगताना एकदाही रडली नाही. जणू हे कुणीतरी विचारावं म्हणून पुसलेले चमचे पुन्हा पुन्हा पुसत बसली होती. मोठ्या मावशी पायाने अधू. अंगठा खाटेच्या कठड्यात सापडून नख काळं पडलेलं. लिहिता येत नव्हतं, म्हणून वाटोळं आणि शेपटी ही सही त्यांनी स्वतःच ठरवलेली. बावीस माणसांची कूस त्या बदलायच्या, रात्री-दिवसा, घरी जायचं नावच नाही, घर नव्हतंच. एक दिवस दुपारी दोनची फेरी आटोपून याच खोलीत स्टुलावर टेकल्या, चारची वाट बघत. साडेपाचला कुणीतरी हाक मारली तर अंग ताठलेलं. तीनच्या आतच संपल्या होत्या, डॉक्टर म्हणाले.

"त्या दिवशी चारची फेरी झालीच नाही म्हणून आम्ही घाबरलो. त्यांच्या सह्या मीच करून टाकल्या, बाई. वाटोळं आणि शेपटी, त्यात काय अवघड? डॉक्टर म्हणाले, बरं केलंस, असंच चालू दे. उद्या कुणाला जखम झाली तर जाब विचारायला जिवंत माणूस नको. मेलेल्याला नोटीस कोण बजावणार?"

"आणि?"

"आणि मी सह्या करून खोल्यांत गेले तर…" किल्लीवालीने चमचा खाली ठेवला. "सगळे उताणे होते. चारला उताणंच असतं. आठ नंबरची आजी म्हणाली, मोठी मावशी आत्ताच येऊन गेली की."

*

"गोष्ट चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "किल्लीवालीला मी कालच काढून टाकलंय. आणि तुम्ही त्या खाटेवर भर दुपारी झोपलात, स्वप्न पडलं. वय झालं की होतं असं."

"वय झालं की झोप येत नाही, डॉक्टर. पुस्तकात नसेल तुमच्या."

"मग एक सांगा. माझ्या घरात कुणाचे हाल होतात का? नाही. कुणी कुजतंय का? नाही. मग तुम्हाला दुखतंय कुठे?"

"कोण करतं ते?"

"कुणी का करेना!" ते ओरडले, आणि ओरडल्यावर आपण काय बोललो ते त्यांचं त्यांना कळलं. गार चहा उचलून ते घटाघट प्यायले.

"आता बोललात," टाचबाई म्हणाली. "म्हणजे ठाऊक होतं. दोन वर्षं ठाऊक होतं! जिवंत होती तेव्हा तिला बसू दिलं नाहीत, आणि मेली तर तिच्या नावाने सह्या करून कामाला जुंपलीत. ती आयुष्यभर इमानाने जगलेली बाई. सहीला जागते ती. तुम्ही महिनाभर आधी वाटोळी काढून ठेवता, आणि तिला यावं लागतं. प्रत्येक वाटोळ्याला यावं लागतं. रिकाम्या खाटेलासुद्धा!"

"पुरावा काय?"

तिने टेबलाच्या खणातून सात नंबरचा तक्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला. बुधवारपासून तो त्या खणात होता. तक्त्यावर निळ्या शाईची वाटोळी ओळीने होती, शेपट्या उजवीकडे. पण बुधवारच्या दुपारच्या दोनपासून प्रत्येक वाटोळ्याशेजारी, होत्या तेवढ्या चिंचोळ्या जागेत, दुसरं एक वाटोळं होतं. फिकट, थरथरतं. त्याची शेपटी डावीकडे गेलेली.

डॉक्टर कागदाला हात न लावता बघत राहिले.

"कुठल्या हाताची होती ती?" टाचबाईने विचारलं.

 "डावखुरी," डॉक्टर तक्त्याकडेच बघत म्हणाले.

"हा कागद आत्तापर्यंत माझ्या खणात होता, आणि खणाची किल्ली माझ्या गळ्यात. शेवटची सही बघा. आज दुपारच्या दोनची."

घड्याळात पावणेचार होऊन गेले होते. डॉक्टरांनी घाम पुसला, आणि वाद हरायला लागलेला माणूस करतो तेच केलं. शेवटचा दगड उचलला.

"नाव तर पेन्सिलीचं आहे. तुमचं. खोडरबर नाही घरात? मला सांगता की मी तिला जुंपलं… आणि तुम्ही का नाही पुसलंत?"

 खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. ते थांबल्यावर टाचबाई बोलली ते वेगळ्याच आवाजात.

"पहिल्या पहाटे जाग आली ती डाव्या कुशीवर. गुडघ्यांत कपाटातलं ब्लँकेट घडी घालून. उशाशी पेला, वर बशी. दाराला आतून कडी. म्हटलं, म्हातारी झाले, विसरले असेन. दुपारी पडले, तर जिन्यात पाऊल. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पडले. तिसऱ्या दिवशी दीड वाजल्यापासूनच पडून राहिले, घड्याळाकडे डोळे लावून. हसा. मीसुद्धा हसले असते. अकरा वर्षं, डॉक्टर! अकरा वर्षांत माझी बट कुणी कानामागे केली नव्हती."

डॉक्टर हसले नाहीत.

"पुसायला घेतलं होतं. तीनदा घेतलं. हात पुढे जाईना. मग काल ती जिना चढताना मी नीट ऐकलं. मध्येच थांबत होती. धापा टाकत होती. मेलेलं माणूस, आणि धापा टाकत होतं! बावीस तिकडे आणि तेविसावी मी, शहराच्या या टोकाला. तुमच्यात आणि माझ्यात मग फरक काय राहिला?"

तिने खोडरबर काढून तक्त्यावर ठेवलं. त्याच्याशेजारी कोरा कागद ठेवला, त्यावर पेन.

"तुम्ही लिहा, या सह्या खोट्या आहेत आणि त्या करायला मी सांगितलं. सगळे तक्ते आजच्या आज स्वतःच्या हाताने खोडा. माणसं ठेवा, किल्लीवालीला परत बोलवा, ज्याने वळवलं त्याने सही करायची. तोवर शून्य. तुमची सही झाली की तुमच्यासमोर मी माझं नाव पुसते. पुढची वर्षं जशी पडेन तशी पडेन."

"आणि नाही लिहिलं तर? कोण ठेवणार विश्वास तुमच्यावर? ही वाटोळी तुम्हीच काढली नाहीत कशावरून?" डॉक्टर उठले. आवाज चढला होता, पण नजर कागदावरून हलत नव्हती. "भुताच्या सहीवर माझं घर बंद करणार? सिद्ध करा! कुणाची सही ही? सांगा ना, कुणाची?"

 टाचबाईने दाराची कडी नीट बसली आहे ना ते पाहिलं. मग चपला काढून खाटेखाली सारल्या आणि ती भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर पडली, शांतपणे, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. खोलीत पावडरचा वास यायला लागला होता. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला.

खाली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, एक पाऊल टेकलं. मग एक ओढलं गेलं.

"बसा हवं तर," भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "चार वाजतायत, माझी कूस बदलायला ती वर आली, की सही कुणाची ते तुम्ही तिलाच विचारा."